नव्या बाथरूममध्ये बाळाची अंघोळ

आईसाठी बाथरूम करून घेताना आईलाच विचारायचं कसं राहिलं? सकाळपासून स्वतःला विचारतेय.

आमचं शहाडचं घर जुनं. त्यात ऐसपैस, काळी पडलेली मोरी होती. नोकरी लागल्यावर मी ती तोडून पांढऱ्या टाइल्स, कमोड, शॉवर आणि मध्ये काचेचं पार्टिशन बसवून घेतलं. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, त्यामुळे माझ्या शब्दाला कोणी नाही म्हणत नाही.

काल ताई तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली. आज आई त्याला अंघोळ घालायला बसली. बाळाला पायांवर घ्यायचं म्हणून तिने पाय लांब केले, तर ते काचेला अडले. वळून बसली, तर कमोड.

"अगं बाय, पाय कुठं पसरू?"

ताई हसली. "कॉलेजात बाळाची अंघोळ शिकवली नाही वाटतं!"

"मी टब आणते ना," मी म्हटलं.

"राहू दे गं. काकीची मोरी हाय की," आई सहज म्हणाली आणि बाळाला टॉवेलात गुंडाळून शेजारी गेली.

तिकडून बाळाचं रडणं ऐकू येत होतं आणि मी कोरड्या बाथरूममध्ये उभी होते. आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाची अंघोळ याच जागेवर झाली, माझीही. बाहेर न्यावं लागलेलं हे पहिलंच.

तुमच्याकडे काम काढताना घरच्यांना विचारता का?

दुपारी मिस्त्रीला बोलावून मी पार्टिशन काढून टाकलं. आईला आत बसवून पाय पसरायला लावले आणि मगच त्याला जाऊ दिलं.