डॉक्टर ओनुमाचा हात

रोशनीने एका हाताची एकशे आठ चित्रं काढली. ती परत आली. तिने पुन्हा एकशे आठ काढली. तीही परत आली. तिसऱ्यांदा काढली, तीही परत आली. तेव्हा रोशनी आमच्या दारात येऊन उभी राहिली.

"जय भीम, काका. तुमचं काम पाहाचं हाये."

"रिटायर होऊन सहा वर्सं झाली, पोरी. कायचं काम?"

"चाक बंद कराचं."

रोशनी आमच्या शेजारच्या जिजाबाईंची मुलगी. वय सत्तावीस. आमचं गाव कारंज्याजवळ, हायवेपासून थोडं आत. जिजाबाई संत्री निवडायच्या कामाला जातात. रोशनी नागपुरात चार वर्षं चित्रकला शिकली. आता ती घरी बसून जपानी कार्टून मालिकेसाठी चित्रं काढते. त्या मालिकांना ॲनिमे म्हणतात. काही चित्रांचं काम नागपूरच्या एका कंपनीत येतं, आणि त्यातलं काही आमच्या गल्लीत, टिनाच्या छपराखाली.

मला वाटायचं, हे सगळं कॉम्प्युटर करतो. एकदा तिच्यामागे उभा राहून पाहिलं तेव्हा समजलं. काचेवर पेन चालतं ते तिच्या हाताने. एका सेकंदाला बारा चित्रं लागतात. माणसाने पापणी मिटून उघडली तर त्याची तीन. तीन वर्षं ती फक्त मधली चित्रं काढत होती. पहिलं आणि शेवटचं चित्र दुसरा कोणी काढायचा, मधली सगळी रोशनी. त्या तीन वर्षांत तिने काढलेला एकही माणूस तिचा स्वतःचा नव्हता.

मग तिला नऊ सेकंदांचा एक तुकडा मिळाला. ते लोक त्याला कट म्हणतात. हा अख्खा तिचा होता, मुख्य चित्रंसुद्धा. नऊ गुणिले बारा, एकशे आठ.

त्या मालिकेत जगातली हवा नासलेली असते. माणसं जमिनीखाली राहतात, दोन मोठ्या गुहांमध्ये, एक वरची, एक खालची. हवा शुद्ध करायचं यंत्र डॉक्टर ओनुमा नावाच्या शास्त्रज्ञाने बांधलेलं असतं. एक दिवस यंत्र निकामी होऊ लागतं. दोन्ही गुहांना पुरेल एवढी हवा उरत नाही. वर तीन हजार माणसं, खाली चारशे. डॉक्टर एकटाच खाली उतरतो आणि खालच्या गुहेचा नळ स्वतःच्या हाताने बंद करतो. पडद्यावर त्याचा चेहरा दिसत नाही, फक्त चाकावरचा हात दिसतो. तोच कट रोशनीकडे होता.

पहिल्यांदा तिने हात रागाने काढला. दिग्दर्शकाने लिहिलं, हा खुनी वाटतो. दुसऱ्यांदा थरथरता काढला. उत्तर आलं, हा संत वाटतो. तिसऱ्यांदा तिने हातात कसलाच भाव ठेवला नाही. तेव्हा लिहून आलं, चाक कागदाचं वाटतं.

"मंग त्याईले पाह्यजे तरी काय?" मी विचारलं.

"तो चांगला का वाईट थे समजू नये. पण जोर खरा दिसला पाह्यजे."

"आन् नाई जमलं तं?"

"शनिवारी दुपारी बारापर्यंत द्याचं हाये. नाई जमलं तं कट दुसऱ्याले जाते. मी परत मधली चित्रं."

तो बुधवार होता.

मी तिला गावच्या पाण्याच्या टाकीवर घेऊन गेलो. टाकीच्या पायथ्याशी एक खोली आहे. तिथे चार वार्डांची चार चाकं आहेत, ती फिरवून पाणी सोडायचं आणि बंद करायचं. माझ्यानंतर ते काम अंकुश करतो.

"कवडूकाका, तुमाले घरी करमत नाई का हो?" अंकुश म्हणाला. "का माझ्या नोकरीवर डोळा हाये?"

"चाक सोड अन् बाजूले सरक. जपानले दाखवाचं हाये."

"जपानले? मंग माझी दाढी कराची राह्यली ना बाप्पा."

"तुझं थोबाड नाई लागत. हात लागतात," रोशनी म्हणाली. "अन् काकाचे लागतात."

खालच्या वार्डाची वेळ संपत आली होती. मी चाक धरलं. आठ इंची नळाचं चाक सव्वीस फेऱ्यांत बंद होतं. घाई केली तर पाण्याचा दणका बसून नळ फुटतो, म्हणून सव्वीस फेऱ्या सावकाश फिरवायच्या. शेवटच्या चार फेऱ्या हाताने होत नाहीत, पाठीने होतात. रोशनीने फोनवर शूटिंग केलं. मला वाटलं, झालं काम.

"आता दुसरा वार्ड," ती म्हणाली.

त्या दिवशी चारही वार्ड होईपर्यंत ती तिथे उभी होती. एकदा समोरून पाहिलं, एकदा मागून, एकदा जमिनीवर बसून, एकदा माझ्या दंडावर हात ठेवून. गुरुवारी ती पुन्हा आली आणि म्हणाली, आज मी बंद करते. अंकुश हसला. बाविसाव्या फेरीला तिचे पाय घसरले. तिने चप्पल काढून ठेवली, भिंतीला टाच लावली आणि उरलेल्या चार फेऱ्या पूर्ण केल्या. तळहाताचं कातडं निघालं. ती हाताकडे बघत बसली. रडेल असं वाटलं. ती अंगठ्याच्या खालची जागा बघत होती.

"जोर इथून येते," ती म्हणाली. "मी बोटातून काढत होती."

मी आयुष्यभर कामाची माणसं पाहिली. कमी काम करून जास्त सांगणारी पुष्कळ. नऊ सेकंदांसाठी आधी स्वतःची पाठ मोडून घेणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

त्यानंतर तिने मला एक गोष्ट विचारली.

"काका, बंद झाल्यावर तुमी परत काऊन खोललं?"

"कुठं खोललं? मी कायले खोलू?"

तिने फोन पुढे केला. मी पाहिलं. चाक पूर्ण बंद झालं होतं. मग माझ्या हाताने ते दीड फेरी उलट फिरवलं, क्षणभर सोडलं, आणि पुन्हा घट्ट बंद केलं. चारही वार्डांना तसंच. आणि मला ते माहीत नव्हतं. नंतर आठवलं. नळात गाळ येतो. तो झडपेखाली बसतो आणि झडप नीट टेकत नाही. थोडं उघडलं की पाणी जोरात निसटतं आणि गाळ घेऊन जातं. मग बंद करायचं. नोकरीला लागलो तेव्हा जुन्या माणसाने शिकवलं होतं. पुढे हातच करत गेला.

अंकुश म्हणाला, "मी बी तसंच करतो. तुमचं पाहूनच."

संध्याकाळी रोशनीने हे आईला सांगितलं. मी तिथेच होतो. जिजाबाई म्हणाल्या, "थे मागचं पाणी ना?"

"कोणतं मागचं पाणी?" मी म्हटलं.

"घ्या! सोतालेच मालूम नाई. नळ गेला की बाया उठत नाईत भाऊजी. एक भांडं लावून बसतात. थोड्या वेळानं एक धार येते. भांडंभर. मंग खरंच जाते. आमी म्हणत होतो, कवडूभाऊले दया येते. बंद करतात, मंग मन होत नाई, मंग थोडं देतात."

"गाळ जात होता, जिजाबाई."

"असन गाळ. आमच्या भांड्यात तं पाणीच येत होतं."

रोशनी आईकडे पाहत होती, मग माझ्याकडे. तिने चहा अर्धा सोडला आणि आत गेली. जिजाबाईंनी हाक मारली, "कपातला कोण पिईन व?" आत पेन चालू झालं होतं.

शुक्रवारभर तिचं दार लोटलेलं होतं. मध्ये दोनदा लाइट गेली. ती बॅटरीवर काम करत होती. सकाळी मी तिच्या खिडकीजवळून गेलो तेव्हा ती अंगठ्याचं चित्र काढत होती. दुपारी गेलो तेव्हाही अंगठ्याचंच. पाच वाजता तिने आम्हा दोघांना बोलावलं.

जिजाबाई पडद्यासमोर बसल्या. डॉक्टरची गोष्ट रोशनीने त्यांना आधीच सांगितली होती. चित्रात रंग नव्हता, नुसत्या रेषा होत्या. म्हाताऱ्या माणसाचा हात चाकावर आला. चाक जड होतं. ते मला माझ्या खांद्यात समजलं. शेवटच्या दोन फेऱ्या, अंगठ्याच्या खाली जोर, आणि बंद.

मग हात उलटा फिरला.

"खोललं!" जिजाबाई ओरडल्या. "खोललं व त्यानं! आता वाचतात खालचे."

हाताने चाक पुन्हा धरलं आणि बंद केलं. या वेळी जास्त घट्ट.

जिजाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मेल्या," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "त्यानं खोललं तं होतं ना पण?"

त्या माणसाला शिवी द्यावी की त्याच्यासाठी रडावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मलाही नाही. तो हात झडपेखालची घाण काढत होता की खालच्यांना एक शेवटचा श्वास देत होता, हे चित्रात कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी तेच काम एकतीस वर्षं केलं आणि मला ते एकदाही दिसलं नाही. तिला ते दोन दिवसांत दिसलं. दिसलं ते दिसलं, तिने ते एकशे आठ चित्रांत बसवलं.

शनिवारी सकाळी दहाला नागपूरहून सुश्रुतचा फोन आला. सुश्रुत तिचा वरचा माणूस. जपानला चित्रं तोच पाठवतो. रात्री तिने कच्चं काम त्याला दाखवायला पाठवलं होतं. रोशनीने फोन स्पीकरवर ठेवला, कारण हात चालू होते.

"रोशनी, हात उत्तम आहे. पण तो चाक परत का उघडतो? कथेत तसं नाही. तेवढं काढून टाक."

"सर, झडप साफ कराची असते."

"तो हवेचा पाइप आहे. हवेत गाळ कुठून आला?"

"धूळ राहते ना. वरून हवाच नासलेली हाये. अन् मशीन त्यानं सोता बांधली. त्याले मालूमच राहीन, साफ केल्याशिवाय झडप बसत नाई म्हणून."

"हे बघणाऱ्याला कसं कळणार?"

"नाई समजलं तं बी चालते. त्याच्या हाताले समजलं पाह्यजे."

सुश्रुत म्हणाला, "चौथ्यांदा परत आलं तर मी काही करू शकणार नाही. तू उघडणं काढलंस तर पास होण्याची शक्यता जास्त आहे. दोन तास आहेत तुझ्याकडे."

फोन बंद झाला. मी म्हटलं, "काढून टाक ना, पोरी. तीन वर्सं थांबली यासाठी."

"काका, थे काढलं तं जोर बी जाते. मंग हात नुसता नळ बंद करते."

तिने काही काढलं नाही. उरलेल्या वेळात तिने करंगळीची दोन चित्रं दुरुस्त केली. तिच्या मते ती एका केसाने चुकली होती. मला दोन्हींत फरक दिसला नाही. पावणेबाराला तिने काम पाठवलं.

रविवार तिने झोपून काढला. सोमवारी अकराला फोन आला.

"ठेवलाय," सुश्रुत म्हणाला. "कट तुझाच. मालिकेच्या शेवटी येणाऱ्या यादीत नावही तुझंच जाईल."

जिजाबाई दारातून म्हणाल्या, "काय म्हणते तो?" रोशनीने हाताने त्यांना थांबवलं, कारण तो अजून बोलत होता.

"आणि दिग्दर्शकाने दोन सेकंद वाढवून दिलेत. नऊचे अकरा. चाक उघडल्यावर, पुन्हा बंद करायच्या आधी, हात दोन सेकंद थांबायला हवाय. परवापर्यंत दे."

दोन सेकंद म्हणजे चोवीस चित्रं. तिने फोन ठेवला, आनंद करायला एक मिनिटही घेतलं नाही, आणि माझ्याकडे वळली.

"काका, उघडल्यावर हात थांबला तं कसा दिसते?"

मी विचार केला. खोलीत चाक नव्हतं, तरी दोन्ही हात पुढे धरून पाहिले. मग खाली घेतले.

"मले नाई सांगता येत," मी म्हटलं. "मी कधी थांबलो नाई."

ती हसली नाही. तिने मान हलवली आणि पेन उचललं. आता तिला दाखवायला कोणी नव्हतं, पाहून काढण्यासारखं काही नव्हतं. मी दाराशी उभा राहिलो. पहिलं चित्र तिने चार वेळा पुसलं. पाचव्यांदा हात उभा राहिला, चाक धरून, अंगठा किंचित सैल. तो हात माझा नव्हता.

मग ती दुसऱ्या चित्राला लागली.