कापणीचा सण आणि न मागितलेली माफी

सन एकोणीसशे छप्पन. मी सत्तावीस वर्षांचा होतो. परळच्या गिरणीत साच्यावर कामाला आणि लालबागच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर बिऱ्हाड. शाळा तिसरीपर्यंत. म्हणून हे लिहिताना कुठे काना-मात्रा चुकली असेल तर वाचणाऱ्याने दुरुस्त करून घ्यावी. मजकूर मात्र मी बदलणार नाही. तेव्हा बदलला नाही, आता या वयात काय बदलतोय.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. आजा गावकुसाबाहेरचा. तो येशूच्या वाटेला लागला तेव्हा गावाने त्याचं पाणी तोडलं, पण पाणी तसंही त्याला कुठे सुखाने मिळत होतं? हे मुद्दाम सांगतो, कारण त्या वर्षी मला जो तो विचारायचा, तू कुठला?

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती. आमच्या खात्यातले सगळे मोर्चाला जायचे, मीही जायचो. मुंबई आमची, भाषा आमची, मग राज्य आमचं का नको? यात मला न कळण्यासारखं काही नव्हतं. पावसाळा सरल्यावर एका मोर्चात पोलिसांनी आम्हाला गाडीत घातलं आणि तुरुंगात नेऊन ठेवलं. ख्रिस्ती माणसाला गिरणीत पाव म्हणून चिडवायचे. तिथे आमच्याच गिरणीतला एक जण पहिल्या दिवशी मला म्हणाला, "काय रे पाव, तुझी राणी गेली ना बोटीतून? मग तू इथे कशाला राहिलास?"

मी म्हणालो, "राणी तुझ्या बापाची असेल. माझ्या आजाला लंडन कुठल्या दिशेला आहे ते ठाऊक नव्हतं."

सगळे हसले, तोही हसला. जेवण आलं तेव्हा मी डोळे मिटून प्रार्थना केली. पुन्हा हसले. मी डोळे उघडले नाहीत. पुढे पुढे ते आपणहून थांबू लागले. कोणी घास उचलला तर तोच पाव म्हणणारा ओरडायचा, "थांब ना बे, त्याचं होऊ दे!"

सुटून घरी आलो तर आईने आधी मला पाहिलं आणि मग बोट गॅलरीकडे केलं. "बघ," म्हणाली.

आईचा तो वेल. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, दिवाळीनंतरच्या एका रविवारी कापणीचा सण असतो. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. देवाने पिकवलं त्याचं पहिलं फळ देवळात नेऊन ठेवायचं आणि उपकार मानायचे. गावाकडे ठीक आहे, शेत असतं. मुंबईतले गिरणीवाले दादरच्या बाजारातून भाजी विकत घेऊन टेबलावर मांडायचे. आईला ते पटायचं नाही. "इकत घेतल्यालं पहिलं फळ कसं रं व्हईल? ते तर बाजारवाल्याचं पहिलं फळ." म्हणून ती दरवर्षी गणपतीच्या सुमारास तेलाच्या डब्यात माती भरून दुध्याचं बी लावायची आणि वेल सुतळीने वर चढवायची. पहिला दुधी धरला की त्याला लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी बांधली की तो देवाचा. बाकीचे आमचे.

त्या वर्षी वेल वरच्या माळ्यावर जाऊन मालवणी शेजारणीच्या कठड्याला लागला आणि पहिला दुधी तिच्या दारात लोंबू लागला. मी आत होतो, पगार बंद होता, घरात चूल अर्धपोटी पेटत होती. बायको बाळंतीण, तीन महिन्यांची पोर अंगावर पिणारी. तिने एकदा आईला म्हटलं होतं, "आत्या, तो दुधी काढू या का? देवाला आपली अडचण कळते."

आई म्हणाली होती, "कळती. म्हणूनच आपुन त्याला अडचणीत घालायचं न्हाई."

आणि वरची शेजारीण येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांवर खेकसत होती, "त्येंच्या देवाचो दुधी आसा तो! कोण हात लावता तां बघतंय मी!" वर ती स्वतःच्या घरातली पेज आणि सुकी मासळी पदराखाली झाकून आमच्याकडे आणून देत होती. हे मला ती बोलली नाही, बायकोने सांगितलं.

श्रद्धा या विषयावर मी पुष्कळ उपदेश ऐकले. काही चांगले होते, काहींमध्ये मला झोप लागली. पण श्रद्धा दिसते कशी, ते मी त्या गॅलरीत पाहिलं. पोटात भूक असताना हाताशी असलेल्या दुध्याला चिंधी तशीच्या तशी होती. आणि ज्या बाईचा तो देव नव्हता तिनेही ती सोडली नव्हती.

सणाच्या रविवारीच पोरीचा बाप्तिस्मा ठरला होता. इथे एक सांगायला हवं. आमचं पहिलं मूल महिन्याचं होऊन गेलं, बाप्तिस्म्याच्या आधी. देव तेवढ्यावरून लेकराला परत पाठवत नाही, असं मी बायकोला शंभरदा सांगितलं. ती मान हलवायची. पण या पोरीला जरा शिंक आली तरी तिचा चेहरा पांढरा पडायचा. तिला तो बाप्तिस्मा हवा होता, आणि त्याच रविवारी हवा होता.

शनिवारी संध्याकाळी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांमधले वडीलधारे घरी आले. सरकारी कचेरीत कारकून, कोट घालायचे. त्यांना सगळे काका म्हणायचे. चहा घेतला, पोरीच्या गालाला हात लावला, आणि म्हणाले, "उद्या उपासनेत उभा राहा आणि मंडळीसमोर माफी माग. मग बाप्तिस्मा होईल. पंचांचं तसं ठरलं आहे."

"कशाची माफी?"

"तुरुंगात गेलास."

"चोरी करून गेलो का?"

"आवाज चढवू नकोस. आपण मूठभर माणसं. देवळाची जागा सरकारच्या मेहेरबानीची. उद्या कोणी म्हणालं, हे ख्रिस्ती लोक दंगा करतात, तर काय तोंड दाखवायचं?"

"आणि उद्या कोणी म्हणालं, महाराष्ट्र झाला तेव्हा हे ख्रिस्ती लोक दार लावून बसले होते, तर?"

काका उठले. दारात थांबून बायकोला म्हणाले, "बाई, तूच समजाव. दोन शब्द तर बोलायचे आहेत."

माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता. पण घाबरलेल्या माणसाने आपली भीती देवाच्या नावाने दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नये, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

बायको म्हणाली, "मागा की माफी. दोन शब्दांनी तुमचं काय झिजतंय?"

मी म्हणालो, "पाप केलं असतं तर रस्त्यावर लोळून माफी मागितली असती. केलं नाही ते केलं म्हणायचं, तेही देवळात उभं राहून? ते खोटं होईल. खोट्यावर पोरीचा बाप्तिस्मा करायचा का?"

"तुम्ही खरे राहा," ती म्हणाली. "माझं लेकरू मात्र तुमच्या खऱ्यापायी बाहेर राहील."

मी आईकडे पाहिलं. आई भाकरी थापत होती. "माझ्याकडं नगं बघू," म्हणाली. "तुला आडमुठा म्याच केलाय."

रविवारी देऊळ सजलेलं होतं. दाराला ज्वारीची ताटं, खांबांना केळी, टेबलावर भोपळे, मुळे, शहाळी. आईने चिंधीसकट दुधी ठेवला. वरची मालवणी शेजारीणही आली होती. दुधी पोचतो की नाही ते तिला पाहायचं होतं. ती दाराशी चप्पल काढून उभीच राहिली. बस म्हटलं तर म्हणाली, "नको रे बाबा, तुमचो देव रागावलो तर!"

गीत झालं, उपदेश झाला. मग पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तरुण होते, आवाज मऊ. म्हणाले, "आपल्या एका भावाला काही सांगायचं आहे."

मी उभा राहिलो. म्हणालो, "मी तुरुंगात जाऊन आलो. माझ्या पापांची माफी मी रोज गुडघे टेकून मागतो, आजही मागितली. पण हे पाप नाही. याची माफी मी मागणार नाही. आपला तारणारासुद्धा सरकारी कैदी होता. त्याने कुठे मागितली?"

आणि बसलो. मागे कोणी तरी चक् चक् केलं. काका पुढच्या बाकावरून मागे न बघता म्हणाले, "मग बाप्तिस्मा होणार नाही."

पाळकसाहेब पुस्तक मिटू लागले. तेवढ्यात माझ्या शेजारचा बाक हलला. बायको उठली, पोरीला खांद्यावर घेतलं आणि सरळ पुढे चालत गेली. आमच्यात बापाने लेकरू पुढे न्यायचं आणि बापानेच नाव सांगायचं, अशी रीत. आई मागे उभी राहते. ती पुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब," म्हणाली, "पंचांची तक्रार यांच्यावर आहे. माझ्यावर काही आहे का?"

पाळकसाहेब गोंधळले. "नाही, बाई."

"मी मंडळीत आहे ना?"

"आहात."

"मग लेकरू मी आणलंय. यांना राहू द्या बसलेलं."

काका उठले. "असं आजवर कधी झालेलं नाही! बापाने पुढे यायचं!"

मागून माझ्या आईचा आवाज आला. शेतातून हाक मारावी तसा. "शास्त्रातल्या त्या माउलीनं नवसानं झाल्यालं आपलं लेकरू देवाला द्यायला देवळात आणून सोडलं, तवा बापाला पुढं उभं केलं व्हतं का? सांगा की साहेब, तुमी शिकल्याले!"

बायकांच्या बाजूने हसू फुटलं. आणि दारातून आमची शेजारीण, कोणी विचारलेलं नसताना, म्हणाली, "आई आसा तर बापूस कित्याक होयो?"

पाळकसाहेबांनी खाली पाहिलं, मग वर पाहिलं, आणि पुस्तक पुन्हा उघडलं. काकांकडे त्यांनी पाहिलं नाही. पाण्यात हात घातला. बायकोने नाव सांगितलं. आम्ही ठरवलेलं नव्हतं ते, तिच्या आईचं सांगितलं. मला राग आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम. पोरीच्या कपाळावर पाणी पडलं तेव्हा ती रडली नाही. बायको रडली.

मी जागचा हललो नाही. माफी मागेपर्यंत मला बाजूला ठेवायचं, हा पंचांचा निर्णय कायम राहिला. पुढची किती तरी वर्षं मला प्रभूभोजनाला घेतलं नाही. भाकर आणि प्याला माझ्या बाकावरून पुढे जायचा आणि मी मांडीवर हात ठेवून बसायचो. महाराष्ट्र झाला, पेढे वाटले, तरीही बसायचो. मित्र म्हणायचे, दुसऱ्या मंडळीत जा, परळात काय एकच देऊळ आहे? का जाऊ? रुसून निघून जाणं फार सोपं. घरात बायको-आईचं भांडण झालं म्हणून कोणी शेजारच्या घरी जाऊन मुलगा होत नाही. मंडळीही घरच. घरात चूक नसताना वाकायचं नाही आणि घर सोडायचंही नाही. हा धडा मला कुठल्या व्यासपीठावरून मिळालेला नाही. माझ्या बायकोने तो त्या दिवशी चार पावलं चालून दाखवला. ती माझ्याशी भांडली, माझं ऐकलं नाही, आणि मला सोडूनही गेली नाही.

त्या संध्याकाळी तिने मला एवढंच विचारलं, "सण झाल्यावर देऊळ झाडायची पाळी आपली होती. आता जाणार का?"

"पाळी कोणी काढून घेतली का?"

"नाही."

"मग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या पहिल्या भोंग्याच्या आधी मी खराटा घेऊन देवळात गेलो. वाळलेली ताटं उतरवली, केळीचे खांब बाहेर ओढले, बाकांखालून झाडत पुढे आलो. झाडलोटीसाठी दार उघडं ठेवलेलं होतं, म्हणून काका कुलूप लावायला आले होते. मला पाहून पुढच्या बाकाशी थबकले.

"तू?" म्हणाले. "तुला कोणी सांगितलं?"

मी खराटा त्यांच्या बुटांपर्यंत आणला आणि म्हणालो, "काका, पाय उचला."