ताईची मोजणी

आमची अबोसेदेताई इलेशाच्या दवाखान्यात रक्त तपासते. आमच्याकडे लग्न ठरवताना घराणं मागाहून, आधी रक्त विचारतात: एए, एएस की एसएस? एए म्हणजे निर्दोष. एएसवाल्यालाही स्वतःला काही होत नाही, पण दोन एएस एकत्र आले की मूल एसएस, म्हणजे सिकलचं दुखणं घेऊन जन्मायची भीती. म्हणून ताईला मान मोठा, आणि तोरा त्याहून मोठा.

एकदा तिने गावातल्या शाळांमधून मुलांचं रक्त घेतलं. शंभरात पंचवीस एएस निघाले. त्या हिशेबाने शंभरात दोन तरी एसएस हवे होते. सगळ्या शाळांतली हजारो मुलं तपासली तरी मिळून दोन-तीनच सापडले. "आपल्या मातीत हे दुखणं रुजत नाही गं," ती खुशीत म्हणाली.

नेमकं तेव्हाच माझ्या मुलीचं, मोरादेकेचं, लग्न अडलं होतं. तीही एएस, मुलगाही एएस. चर्चचे पास्टर लग्न लावणार नाही म्हणून हटून बसलेले. ताईने त्यांना झापलं, "मी हजारो मुलं तपासलीत. तुम्ही किती?" झालं लग्न.

त्यांचा अकिन जन्मला तो एसएस. हाडं ठणकायला लागली की असा ओरडतो की शेजारी दारं लावून घेतात. शाळेत नाव घातलंय, पण महिन्यातले निम्मे दिवस अंथरुणात. त्याचे पाय चोळता चोळता एकदा ताईचे हात थांबले.

"मी शाळेत मोजलं," ती म्हणाली. "असली पोरं शाळेत असतात कुठे?"

तिला चार शब्द सुनवायचे म्हणून मी किती दिवस टपले होते. पण तिचं तोंड बघवेना.

तेव्हापासून ती घरोघर फिरते. मुलं आहेत किती हे नाही, झाली किती हे विचारते. कोण सांगतंय? लहानपणीच गेलेलं मूल आमच्यात अबिकू, आईला छळायला आलेलं आणि परत गेलेलं. त्याचं नाव घेत नाहीत, त्याला मोजत नाहीत. बायका तिला दारातूनच वाटेला लावतात.

काल तिने आमच्या आईलाच विचारलं. आई ओसरीवर खरबुजाच्या बिया सोलत होती.

"तुम्ही दोघी," आई म्हणाली.

"झाली किती, आई?"

आईने सोललेल्या बिया सुपात सारल्या. मग म्हणाली, "तुझ्या आधी दोघं. अशीच रडायची, अकिनसारखी."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू शाळेतली मोजत होतीस, बाई. माझी तिथवर पोचलीच नाहीत."

आतून अकिन ताईला हाका मारत होता. तिला उठवेना.