वापरलेले काइरो

आता तुम्हीच सांगा, लोखंड म्हणजे लोखंड, त्यात नवं-जुनं काय बघायचं? मलाही अगदी असंच वाटलं होतं. म्हणून तर बायकोची नोकरी जाता जाता राहिली ना राव!

माझी बायको मृदुला जपानमधल्या त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत आहे. कारखान्यांच्या आसपासच्या पाण्यात, मातीत विषारी क्रोमियम उतरतं, ते लोखंड वापरून निरुपद्रवी करायचं, हे तिचं काम. मी तिथल्याच तोयोसु भागातल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरवाला. रसायनशास्त्राशी माझे संबंध दहावीलाच संपले, तेही दोन्ही बाजूंच्या संमतीने.

तर शनिवारी तिच्या संस्थेत पाहुणे येणार होते. त्यांना एका जुन्या, बंद पडलेल्या कारखान्याची जागा साफ करायची होती. प्रयोग पटला तर संस्थेला काम मिळणार आणि काम मिळालं तरच मृदुलाचं कॉन्ट्रॅक्ट वाढणार. नाहीतर मार्चअखेर हातात नारळ!

तिने युक्ती काढली. "लोखंड किती साधं चालतं ते दाखवते. दुकानातल्या काइरोनेच करते प्रयोग. पिशवीभर आणशील?"

काइरो म्हणजे थंडीत खिशात ठेवायची गरम पुडी. आत लोखंडाचा चुरा असतो, वरचं वेष्टन फोडलं की आपोआप तापतो.

"एवढ्या गरम पुड्या काय करायच्यात?"

"गरम कोणाला हवंय? मला फक्त लोखंड हवंय."

झालं! माझ्या पुणेरी डोक्यात ट्यूब पेटली. फक्त लोखंड? मग नवे कशाला विकत घ्यायचे? आमच्या ऑफिसात संध्याकाळी सगळे आपापले थंड झालेले काइरो फेकूनच देतात की!

दुसऱ्या दिवसापासून मी टेबलाटेबलाशी उभा. "टाकू नका, मला द्या. घरी लागतात."

यापुढे जपानी माणूस काही विचारत नाही हो. मान हलवतो आणि मनातल्या मनात गोष्ट पूर्ण करतो. माझ्या बाजूचा हीटर वाढला. कोणीतरी टेबलावर सूप ठेवून गेलं. शुक्रवारी आमचे मॅनेजर सातो-सान मला कोपऱ्यात घेऊन गेले.

"अभिजित-सान, घरचा हीटर बंद आहे का?"

"नाही हो, चालू आहे!"

"संकोच करू नका." त्यांनी दोन्ही हातांनी एक खोकं पुढे केलं. "सगळ्यांतर्फे."

आत नवेकोरे काइरो! काय करता? वाकून घेतलं, सॅकमध्ये टाकलं.

शनिवारी मृदुला पहाटेच गेली. मी मागे राहून जमवलेले काइरो फोडले. आतला माल दगडासारखा घट्ट! मी तो खलबत्त्यात कुटला, डबीत भरला आणि सॅक पाठीला लावून गाडी पकडली. बायकोला तेवढीच मदत, नाही का?

संस्थेत पोचलो तर पाहुणे काचेपलीकडे उभे. बाटलीत क्रोमियमचं पिवळंधमक पाणी. मृदुलाने माझी डबी त्यात रिकामी केली, बाटली हलवली. आता रंग जायला हवा होता.

पाणी पिवळं ते पिवळंच!

पाहुण्यांकडे बघून गोड हसत तिने मला मराठीत विचारलं, "डबीत काय होतं?"

"काइरो. ऑफिसात सगळ्यांनी वापरून झालेले. तुला गरम नको होते ना?"

"अरे शहाण्या, आतलं लोखंड गंजतं म्हणून तर काइरो गरम होतो! थंड झाला म्हणजे सगळा गंज झाला. तो काय कामाचा?" हसू तसंच. पाहुणेही माना डोलावत होते.

तेवढ्यात सॅकमधलं खोकं आठवलं! मी ते पुढे केलं. मृदुलाने नवी बाटली घेतली, काइरो फोडून आतला काळा चुरा घातला. बाटली हलवत राहिली. पिवळा रंग हळूहळू फिका झाला आणि गेलाच की हो!

तिचे साहेब खूश. "आधी गंज, मग लोखंड! फरक लगेच कळला. फार छान मांडणी!"

काम मिळालं, कॉन्ट्रॅक्ट वाढलं. मी देवाचे आभार मानले आणि विषय संपला असं समजलो.

परवा मृदुला म्हणाली, "साहेबांना आता प्रत्येक वेळी आधी गंज दाखवायचाय. पिशवीभर वापरलेले काइरो आण. आणि या वेळी नवे आणू नकोस हं!"

ऑफिसात पुन्हा कोणत्या तोंडाने मागणार? मग काय! गेलो दुकानात, पिशवीभर नवे काइरो विकत घेतले, एकूण एक फोडले आणि ते गार व्हायची वाट बघत, घाम पुसत बसलो.