धुडकू फिटरची सरळ दांडी

धुडकू फिटरच्या मते अख्ख्या सुरतेत सरळ माणूस एकच होता, आणि तो रोज सकाळी त्याला दाढीच्या आरशात दिसायचा. बाकी सगळा वाकड्यांचा बाजार. शेठची नियत वाकडी, नवागामात तो राहायचा त्या खोल्यांच्या भिंती वाकड्या, मेव्हणा सुकलाल याचा भांगसुद्धा वाकडा. आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात फुलाफुलांचे शर्ट घालून गिटार वाजवणारे जे लोक होते, त्यांच्याबद्दल तर विचारूच नका. कंबर हलवायची, केस उडवायचे आणि तारा कुठे लागल्यात ते देवाला माहीत. धुडकू त्यांना ‘हलणारे’ म्हणायचा आणि बाजूला थुंकायचा.

माणूस साक्रीकडचा. साठ-एकसष्ट साली बायको भागीरथी आणि कडेवरची आनंदी यांना घेऊन सुरतेला आला आणि कतारगामच्या लूमच्या कारखान्यात तेल घालायला लागला. पुढे हाताला अक्कल आहे हे मालकाच्या लक्षात आलं आणि धुडकूचा धुडकू फिटर झाला. मागावर धोटा ज्या लाकडी पट्टीवरून इकडून तिकडे धावतो, ती पट्टी केसभर जरी वाकली तरी धोटा उडतो. असाच एक उडालेला धोटा शेजारच्या कारागिराच्या डोळ्यात गेलेला धुडकूने पाहिला होता. तेव्हापासून कुठलीही लांब वस्तू हातात आली की एक डोळा मिटून, दुसरा डोळा तिच्या टोकाला लावून तो बंदूक रोखल्यासारखा बघायचा. पट्टी, बांबू, भागीरथीचं लाटणं, काहीही. एकदा तर आनंदीला बघायला आलेल्या पाहुण्याची काठी त्याने अशी बघितली आणि तोंड वाकडं करून परत दिली. ते पाहुणे पुन्हा फिरकले नाहीत.

सुकलालची भीमगीतांची गायन पार्टी होती. ढोलकी, हार्मोनियम, झांज आणि आनंदीचा बुलबुलतरंग. पोरीचा हात चांगला होता, एकदा कानावर पडलेली चाल ती सोडायची नाही. मग सुकलालच्या डोक्यात भरलं की जयंतीला इलेक्ट्रिक गिटार पाहिजे. गावातल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याची भाड्याने मिळायची. महिन्याभरात आनंदी तिच्यावर अशी वाजवायला लागली, की खोलीबाहेर बायका भांडी घासायच्या थांबायच्या. पण गिटार परत न्यायला आला तो ऑर्केस्ट्रावाला सगळ्यांदेखत ती फडक्याने पुसत बसला. पुसून झाल्यावर म्हणाला, कुणाकुणाचे हात लागतात, साफ केलेली बरी. लूमच्या तेलाबद्दल तो बोलत नव्हता, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं.

धुडकू उठला आणि म्हणाला, “यापुढे याची लाकडं आपल्या दारात नकोत. गिटार मी बनवतो.”

इथवर त्याच्या रागाला कोणी नाव ठेवू नये. राग खरा होता आणि रास्त होता. घोळ झाला तो पुढे, साहेब सुटे भाग निवडायला बसले तेव्हा.

धड सोपं होतं. कारखान्यात मोडीत निघालेल्या जुन्या मागाची सागवानी फळी मिळाली, ती त्याने कापली, घासली आणि एसटीला मारतात त्या लाल रंगाने रंगवली. आवाज उचलणारा पिकअप सुकलालने मुंबईहून मागवला. तारा पिळायच्या खुंट्या आल्या त्या धुडकूने खोलून, रॉकेलने धुऊन, दात्याला दाता जुळवून परत बसवल्या, आणि ज्याने त्या बनवल्या त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चकचकीत बटणं बघून सुकलालला आनंद झाला, तर धुडकू म्हणाला, ही तुझ्या लग्नाच्या कोटाला लाव. मग राहिली दांडी. गिटारीची खरी गोष्ट म्हणजे दांडी. तिच्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे पडदे बसवलेले असतात, पडद्यांवर तारा दाबायच्या असतात, बोटांचा सगळा संसार तिथेच. पार्टीवाले तिला ‘नेक’ म्हणायचे. धुडकूला तो शब्दही नखरेल वाटायचा.

पहिली दांडी कलकत्त्याच्या गिटारीची, तापीकाठच्या भंगारबाजारातून आली. धुडकूने डोळा लावला आणि म्हणाला, वाकलेली आहे. दुसरी सुकलालने एका म्हाताऱ्या गोवेकर वादकाकडून पाया पडून आणली. काळं लाकूड, गुळगुळीत पडदे, अर्धं आयुष्य एका माणसाच्या हातात गेलेली वस्तू. तो गोवेकर म्हणे देताना रडला होता. धुडकूने डोळा लावला आणि म्हणाला, मध्ये खोलगट आहे, रडायला काय झालं होतं त्याला, सुटला बिचारा. तिसरीचं तेच, चौथीचं तेच. प्रत्येक दांडी मध्ये जराशी, तांदळाच्या दाण्याएवढी खोल, आणि प्रत्येक वेळी धुडकूचं नाक वर. एवढ्या सगळ्या बनवणाऱ्यांच्या हातून नेमकी तीच चूक कशी होते, हा प्रश्न एखाद्या साध्या माणसाला पडला असता. धुडकूला नाही पडला. सगळे गाढव आहेत एवढा खुलासा त्याला पुरला. नाकारलेली दांडी तो खाटेखाली भिरकावायचा आणि भागीरथीला ऐकवायचा, जळणाच्या लायकीची आहे.

शेवटी मुंबईच्या बाजारातून एक परदेशी दांडी आली. तिच्या पोटात लोखंडी सळई होती आणि सळईच्या टोकाला नट. पाना लावून नट आवळला की दांडी ताठ होते, सैल केला की तारांच्या ओढीने वाकते. धुडकूचा चेहरा उजळला. पाना! आता कशी माणसात आली गोष्ट. त्याने नट आवळला, डोळा लावला, अजून आवळला. दांडी अशी सरळ झाली, की तिच्यावरून धोटा पळवावा. तारा पडद्यांच्या अगदी अंगाला लावून बसवल्या, कारण अंतर ठेवणं हे कच्च्या फिटरचं काम.

आनंदीने मांडीवर घेऊन पहिली तार दाबली आणि गिटार भणभणली. पत्र्याच्या डब्यात माशी कोंडल्यासारखा आवाज. दुसरी दाबली, तेच. तिने बापाकडे पाहिलं. धुडकूने गिटार घेतली, डोळा लावला, दांडी सरळ होती. म्हणजे दोष कुणाचा, हे ठरलं.

“तुझ्या बोटांत दम नाही,” तो म्हणाला.

पोरगी म्हणाली की आबा, भाड्याच्या गिटारीवर तर नीट वाजत होतं. त्यावर त्याने सांगितलं की भिकार वस्तूवर भिकार बोटंही खपून जातात, चांगल्या वस्तूवर माणसाची लायकी उघडी पडते. असं बोलून झाल्यावर आपण फार मोठं बोललो असं त्याला वाटलं. मग बोटांना दम आणण्याची मोहीम निघाली. घासलेल्या विटेवर बोटं दाबायची, विहिरीचा दोर पिळायचा, तार दाबून धरायची ती तो ‘सोड’ म्हणेपर्यंत. आनंदीच्या डाव्या हाताच्या बोटांना चिरा पडल्या. मिरची निवडायला बसली की डोळ्यांतून पाणी यायचं. भागीरथी एकदाच म्हणाली की पोरीचा हात जाईल. तर धुडकूने तिला विचारलं, तुला गिटारीतलं काय कळतं? आणि गिटार? ती भणभणतच राहिली. तो रोज पाना लावायचा, रोज थोडी आणखी आवळायचा.

जयंतीला महिना राहिला तेव्हा धुडकूने स्वतःच सुकलालला निरोप धाडला, गिटारीला चिंधाला बसव, पोरीच्या हातून होणार नाही. चिंधा म्हणजे पार्टीचा झांजवाला, दांडगा गडी. नळावर बादली भरताना आनंदीला हुंदका आला तो शेजारच्या मंगलाबाईने ऐकला आणि खोल्यांच्या सगळ्या ओळीला सांगितला. घरात मात्र ज्याला कळायला हवं होतं तो दांडीला डोळा लावून बसला होता.

त्याच आठवड्यात गावाकडे धुडकूचा थोरला भाऊ वारला. निघताना त्याने फिटरच्या सवयीने एक काम केलं. माग काही दिवस बंद ठेवायचा असला की त्याचा ताण सैल करून ठेवतात, नाहीतर लाकूड बाक धरतं. तसंच त्याने गिटारीच्या तारा सैल केल्या, पान्याने आतला नटही सैल केला, आणि बजावून गेला की पान्याला हात लावाल तर याद राखा.

पान्याला कोणी हात लावला नाही. आनंदीने फक्त तारा पुन्हा सुरात लावल्या. चिंधा बसणार हे ठरलेलंच होतं, पण हाताची सवय जात नाही. तिने पहिली तार दाबली, आणि स्वच्छ सूर आला. तिला वाटलं भास झाला. मग दुसरी, मग तिसरी. भागीरथी भाकरी थापता थापता थांबली, भाकरी तव्यावर करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

धुडकू परत आला, चहा व्हायच्या आधी त्याने गिटार उचलली, डोळा लावला आणि ओरडला की वाकली, सगळी मेहनत पाण्यात गेली. हात पान्याकडे गेला. आनंदी समोर उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा तिने बापाचं मनगट धरलं.

“आबा, आधी ऐका. मग आवळा.”

तिने वाजवलं. धुडकू कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिला आणि म्हणाला, हवेचा फरक असेल. त्याने नट आवळला, दांडी सरळ केली, म्हणाला, आता वाजव. भणभण. त्याने सैल केला. स्वच्छ. पुन्हा आवळला, या वेळी दातओठ खाऊन, जशी काही दांडी त्याच्या सासरची होती. भणभण. पुन्हा सैल. तार थरथरत असते तेव्हा तिला मध्ये जागा लागते, सरळ दांडीवर ती पडद्यांना घासते. एवढीशी गोष्ट. खाटेखाली भिरकावलेल्या प्रत्येक दांडीने ती त्याला सांगितली होती. धुडकूने पाना खाली ठेवला आणि बाहेर जाऊन बसला. भागीरथीने चहा नेऊन दिला तो तसाच गार झाला.

जयंतीला आनंदीने वाजवलं. चिंधाने खुशीने झांज हातात घेतली, त्यालाही सुटका झाल्यासारखं झालं होतं. मंडपात गर्दी मावत नव्हती. लाल गिटार दिव्यांखाली चमकत होती, आणि सूर असे निघत होते की सुकलाल गाता गाता मागे वळून पोरीकडे बघायचा. गाणं संपल्यावर त्याने माइकवर सांगितलं की ही गिटार आमचे दाजी धुडकू फिटर यांनी स्वतःच्या हातांनी बनवली. टाळ्या पडल्या. लोकांनी ओढून धुडकूला उभं केलं. आयुष्यभर लोकांकडे तुच्छतेने पाहिलेला माणूस त्या टाळ्या ऐकत उभा होता, आणि त्या गर्दीत त्याला एकाच माणसाची मनापासून किळस येत होती. तो माणूस म्हणजे धुडकू स्वतः. समोर आनंदी हात जोडून उभी होती, आणि तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर गाणं संपताच गुंडाळलेल्या चिंध्या होत्या.

घरी आल्यावर तो खाटेखाली वाकला. हात घालून चाचपडत राहिला. त्याला त्या गोवेकराची दांडी हवी होती. तिच्यावर पोरीसाठी दुसरी गिटार करायची, हलकी, तिच्या हाताला बसेल अशी. खाटेखाली जुन्या चपला आणि एक फुटकी बादली होती.

“दांड्या कुठं गेल्या?” त्याने विचारलं.

भागीरथी अंथरूण घालत होती. ती वर न बघता म्हणाली, “जाळल्या. तुम्हीच म्हणायचात ना, जळणाच्या लायकीच्या आहेत.”

“काळी पण?”

“ती शेवटची. पोरीची बोटं सुजली होती, शेकायला पाणी तापवलं तेव्हा.”