शिवणाच्या बाईंची पळती फळी

कुठलीही वस्तू उलटी करून बघितल्याशिवाय जिचा त्या वस्तूवर विश्वासच बसत नाही, अशी बाई साऱ्या मराठवाड्यात एकच झाली आणि ती माझ्या शेजारच्या खोलीत राहत होती. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मी परतूरच्या शाळेत भूगोल शिकवायला नव्यानंच रुजू झाले होते आणि त्या तिथे कितीतरी वर्षांपासून मुलींना शिवण शिकवत होत्या. त्यांना नावानं हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. शिवणाच्या बाई म्हटलं की झालं. चाळिशी ओलांडलेल्या, सडसडीत, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या, आणि गळ्यात कायम मापाची टेप. ती त्या आंघोळीपुरती तरी उतरवत असतील असा माझा अंदाज आहे, खात्री नाही. पहिल्या दिवशी मी ट्रंक घेऊन दारात उभी राहिले तेव्हा नाव-गाव विचारण्याआधी त्यांनी माझे खांदे मापले आणि उजवा पाव इंच खाली आहे, पिशवी त्याच खांद्याला लावत असाल, असं सांगितलं. मग आत जाऊन चहा टाकला. परतूर सोडेपर्यंत त्या मला ‘भूगोलबाई’च म्हणत आल्या.

उलटं करून बघण्याची त्यांची सवय फक्त कापडापुरती असती तर गावानं काही म्हटलं नसतं. पण एका लग्नात त्यांनी आहेर द्यायच्या आधी नवरीच्या शालूचा पदर उलटला आणि आतले दोरे लोंबून राह्यलेत हे नवरीच्या आत्याला सांगितलं. ती आत्या पुढे दोन वर्षं आमच्याशी बोलली नाही. स्टेशनजवळच्या हॉटेलात चहा पिऊन झाला की त्या कपबशी उलटी करून बघत, त्यामुळे मालकाला वाटे ह्यांना काहीतरी सापडलंय. नवे मुख्याध्यापक आले, तेव्हा ते खुर्चीत बसण्याच्या बेतात असताना बाईंनी खुर्ची उलटी केली आणि एक स्क्रू नसल्याचं दाखवलं. खुर्ची खरोखर मोडकी होती, पण तेवढ्यानं सर काही खूश झाले नाहीत. “कापडाची सुलटी बाजू दुकानदार दाखवतो,” बाई म्हणत, “उलटी आपण बघायची असती.” त्यांचे वडील खेड्यात गावकीची कामं करत. धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी ती कामं एका दिवसात सोडली आणि थोरल्या लेकीला औरंगाबादला शिवणाच्या वर्गाला धाडलं. जाताना एवढंच सांगितलं होतं म्हणे, की जे शिकशील ते पुरतं शीक, अर्धं शिकलेल्याला लोक पुन्हा जुन्या कामाला लावतात. बाईंनी हे इतकं मनावर घेतलं होतं की बटण लावण्याचा धडासुद्धा त्या तीन आठवडे चालवत.

एके दिवशी फुटाण्याच्या पुडीनं घोटाळा केला. पुडी कुठल्याशा विलायती मासिकाच्या गुळगुळीत पानाची होती. फुटाणे संपल्यावर बाईंनी ती उलगडली, तर पानावर एक मुलगी. चाकं लावलेल्या फळीवर उभी, हात पसरलेले, केस मागे उडालेले, आणि खाली रस्ता सपासप मागे पळत असावा असं चित्र. मजकूर होता तो नेमका फाटून गेलेला. मी म्हटलं, परदेशातला खेळ असेल एखादा. बाईंनी पान सवयीनं उलटं केलं, तर मागे साबणाची जाहिरात. मग पुन्हा ते चित्र डोळ्यांजवळ नेलं आणि कितीतरी वेळ बघत बसल्या. “वरून कळतंय,” त्या म्हणाल्या, “पण भूगोलबाई, खालून काय असंल?”

ती खालची बाजू शोधण्यात बाईंचं पुढलं अख्खं वर्ष गेलं. त्या सुताराकडे रंधा मारायला शिकायला जाऊ लागल्या. पहिले आठ दिवस त्याच्या अंगणात उभ्या राहून शिकल्या, नवव्या दिवशी त्याच्या बायकोनं पाट आणून ठेवला, तेव्हापासून बसून शिकल्या. पहिली फळी बाभळीची केली. ती उचलायला दोन मुली लागत. दुसरी कडुलिंबाची, ती तडकली. तिसरी शाळेच्या मोडक्या बाकाची, चांगली सागवानी, तिच्यावर जुन्या विद्यार्थ्यांनी कर्कटकानं कोरलेली नावं तशीच होती. चाकांसाठी त्या जिनिंगमधल्या फिटरचाचांकडे गेल्या. कापसाच्या यंत्रातली झिजलेली बेअरिंगं त्यांच्याकडे डबाभर पडलेली. बाईंना काय करायचंय हे चाचांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांच्या चारही लेकींची झबली बाईंनीच शिवलेली होती, त्यामुळे डबा मिळाला. लाकडी दांड्याच्या दोन टोकांना दोन बेअरिंगं ठोकायची, असे दोन दांडे फळीखाली बसवायचे. फळी तयार झाली, आणि पळालीही. फक्त वळेना. शाळेच्या व्हरांड्यातून जी सुटली ती नाकासमोर जात शिपायाच्या पाण्याच्या रांजणावर आदळली.

ह्या न वळण्यानं बाईंची झोप उडाली. भात शिजत असताना त्या पोळपाट पालथा घालून त्याखाली लाटणं सरकवत आणि तिरकं दाबून बघत. शेवटी उत्तर त्यांना ब्लाउज शिवताना सापडलं. शिवणात कडेला जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. ती नसली तर हात वर केला की काखेत उसवतं. बाईंनी मशीन थांबवली, एसटी पकडून वाटूरला गेल्या आणि तिथल्या फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या टायरचे तुकडे घेऊन आल्या. दांडा फळीला घट्ट आवळायचा नाही, बोल्ट जरा तिरका मारायचा आणि मध्ये रबराची जाड चकती ठेवायची. “आत्ता हिला माया ठिवली,” त्या म्हणाल्या. त्यांनी फळीच्या एका कडेवर हातानं भार दिला, तर फळी झुकली आणि चाकं आपोआप त्या बाजूला वळली. एखाद्या शास्त्रज्ञानं ह्यावर निदान एक उडी मारली असती. बाईंनी टेपनं चकतीची जाडी मापून वहीत लिहिली.

मग त्यांनी ही विद्या मुलींना शिकवायला काढली. परकराच्या तासाला फळ्या होऊ लागल्या. नववीच्या पाच मुली रंधा मारायला शिकल्या, त्यांच्या वेण्यांत भुसा दिसू लागला. बाईंचा नियम एकच होता, की जिनं फळी स्वतः केली नाही तिनं तिच्यावर पाय ठेवायचा नाही. गावात गुळगुळीत जागा म्हणाल तर मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, सिमेंटचा ओटा. अमावास्येला मोंढा बंद असतो, म्हणून आमचे कार्यक्रम अमावास्येला होत. सिमेंटवर लोखंडी बेअरिंगांचा असा खडखडाट होई की अख्ख्या मोंढ्यातली कबुतरं उडत आणि राखणदाराला वाटे जिनिंग चालू झालं. मी मात्र ओट्याच्या कडेला सगळ्यांच्या चपला सांभाळत बसे.

तिसऱ्या की चौथ्या अमावास्येला त्या पाचांतली सर्वांत धीट मुलगी पडली. धावत्या फळीचं एक चाक दांड्यावरून निसटलं आणि ती ओट्यावरून खाली गेली. उजवं मनगट मोडलं. बाईंनी तिला टांग्यात मांडीवर घेऊन डॉक्टरकडे नेलं, प्लास्टर होईपर्यंत तिचं डोकं धरून बसल्या आणि घरी येऊन पाचही फळ्या उकलल्या. चाकं एकीकडे, दांडे एकीकडे, रबरं एकीकडे. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, “मी दुसऱ्याची लेक पाडली, भूगोलबाई.” त्या दिवसापासून त्या रोज त्या मुलीच्या घरी जाऊन तिची वेणी घालत आणि ती सांगेल तसा तिचा अभ्यास वहीत उतरवून देत. मुलीची आई त्यांना घरात घेत नसे. बाई उंबऱ्यावर बसून वेणी घालत.

दहाव्या दिवशी मुलीचे वडील शाळेत आले. गावालगत जमीन असलेले जुने शेतकरी, आवाज मोठा. मुख्याध्यापकांनी आम्हाला बोलावलं आणि बाईंना माफी मागायला सांगितलं. बाईंनी ती लगेच मागितली, अगदी मनापासून. वडिलांचं तेवढ्यानं भागेना. मुलीची शाळा बंद करतो म्हणाले, आणि ती वस्तू आहे तरी कसली ते मला बघू द्या. बाईंनी घरून पिशवी आणली आणि सरांच्या टेबलावर, हजेरीपटावरच, ते सुटे भाग मांडले. त्या माणसानं दांडा उचलला. बेअरिंग फिरवून बघितलं. मग फळी पालथी घालून दांडा जागेवर धरला, आणि त्याच्या कपाळावरची आठी बदलली.

“हे चाक कशाच्या भरवशावर थांबून राह्यलं?” त्यानं विचारलं.

बाई म्हणाल्या, ठोकून घट्ट बसवलंय.

“लाकूड वाळलं की ढिलं होतंय, बाई. बैलगाडीच्या चाकाला बाहेरून खीळ असती. ह्याला खीळच न्हाई.”

मला वाटलं आता बाई रडतील. त्यांनी टेबलावरची फळी त्याच्याकडे सरकवली. “माझं शिकायचं राहिलं ते,” त्या म्हणाल्या. “मंग कशी ठोकायची, तेवढं दाखवा.”

तो माणूस पुढल्या रविवारी भोकं पाडायचा सामता आणि खिळे घेऊन आमच्या दारात आला. दांड्याला छेद कसा पाडायचा, खीळ कुठल्या अंगानं घालायची, वंगण किती, हे त्यानं बाईंना दुपारभर शिकवलं. दोघांचं दोन वेळा भांडण झालं, कारण बाईंना प्रत्येक छेद मापून हवा होता आणि तो डोळ्यानं मापत होता. मध्येच बाईंनी चहा केला. कप त्याच्यापुढे ठेवला तेव्हा त्यांचा हात जरा थांबला, आणि समोरच्या ओसरीवर भाजी निवडणाऱ्या बायकांचेही थांबले. त्यानं दांड्यावरची नजर न काढता कप घेतला, प्यायला, आणि साखर कमी आहे म्हणाला. दुसऱ्या दिवशी बाई वेणी घालायला गेल्या तर मुलीच्या आईनं आत सतरंजी अंथरली होती. मुलीची शाळा बंद झाली नाही. प्लास्टर निघालं तशी ती पुन्हा ओट्यावर आली, आणि तिचे वडील कडेला उभे राहून प्रत्येकीची खीळ तपासल्याशिवाय कुणाला सोडेनात.

वर्षाच्या शेवटी बाईंची वाटूरला बदली झाली. कारण कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. जायच्या आधीच्या अमावास्येला त्या मोंढ्यात आल्या, चपला काढून माझ्याजवळ ठेवल्या आणि मुलींना म्हणाल्या, मला उभं राहायला शिकवा. तोवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं की इतक्या फळ्या करणारी ही बाई एकदाही फळीवर चढली नव्हती. मुलींनी विचारलं तर म्हणाल्या, आधी तुमचं होऊ द्यायचं होतं. दोघींनी दोन हात धरले, बाकीच्या मागे. मनगट मोडलेली मुलगी पुढे उलटी चालत, गुडघे वाकवा, खाली बघू नका, असं अगदी बाईंच्याच आवाजात सांगत होती. ओट्याच्या मध्यावर त्यांनी हात सोडले. बाई पाच-सहा हात एकट्या गेल्या. साडीचा काठ फडफडला, टेप खांद्यावरून मागे उडाली आणि तोंडानं त्या काहीतरी बोलत होत्या, पण बेअरिंगांच्या आवाजात ते कुणालाच ऐकू आलं नाही.

वाटूरहून त्यांचं एक कार्ड आलं. इथं सिमेंटचा ओटा नाही, पण शाळेमागे चांगला उतार आहे, मुली सध्या सहा आहेत, एकदा येऊन जा, असं लिहिलं होतं. मी जाईन जाईन म्हणत राहिले. मग माझं लग्न ठरलं, नांदेडला बिऱ्हाड झालं, आणि जाणं राहूनच गेलं. काही वर्षांनी एकदा एसटी वाटूरच्या फाट्यावर दहा मिनिटं थांबली. चहावाल्याला शिवणाच्या बाईंची शाळा विचारली, तर लांब आहे, पायी अर्धा तास लागेल, म्हणाला. मी परत येऊन खिडकीशी बसले. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून एक अनोळखी मुलगी चालत आली. दोन वेण्या, परकर-पोलकं, काखेत एक फळी. तिला हाक मारावी, बाई कशा आहेत विचारावं, असं फार वाटलं. कंडक्टरनं घंटी दिली. ती मुलगी सडक जिथं उताराला लागते तिथवर गेली, फळी खाली ठेवली, आणि आमची गाडी वळली.