सुशीलाच्या बायोडाट्यावरचा मोर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मला ओळखणारे हसतील — याच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि हा म्हणे गुपित बाळगून आहे! पण आहे खरं. गंमत अशी की यातली अर्धी गोष्ट मी लग्नांच्या मांडवात, गाडीत, कारखान्याच्या कँटीनमध्ये शेकडो वेळा रंगवून सांगितली आहे. लोक पोट धरून हसले आहेत. उरलेली अर्धी मी दर वेळी गिळली. आधी हसायची अर्धी सांगू? सवयच आहे हो — गोड आधी, कडू नंतर.

ऐंशीच्या दशकातलं दुष्काळाचं एक वर्ष. उस्मानाबादला स्टँडसमोर माडीवर टायपिंग क्लास होता आणि मी तिथं बाविशीतला शिकवणारा. नोकरीचा बायोडाटा करायला खेड्यापाड्यांतून पोरं आमच्याकडंच यायची. रीत अशी : माणूस बसून माहिती सांगणार, कोऱ्या कागदाच्या तळाशी आधीच सही करून ठेवणार आणि आपली गाडी पकडणार. आम्ही त्या सहीच्या वर टाइप करायचो, पाकिटात घालायचो, चिकटवून टपालात टाकायचो. गावाकडं गाड्या दोनच. कागद पुन्हा बघायला थांबतो कोण? विश्वास ही त्या काळची सोय होती.

आणि माझी ख्याती होती मोराची! फुल्यांची किनार, कोपऱ्यात कमळं आणि वर मधोमध मोर. मान एक्सची, पिसारा कंसांचा, पिसाऱ्यातले डोळे ओ अक्षराचे, लाल-काळ्या फितीनं रंगवलेले. एका मोराला दोन तास लागायचे. ईट गावाहून एक पोरगा खास मोरासाठी आला होता. त्यानं त्याची प्रत चौकटीत बसवून भिंतीला लावली. नोकरी काही लागली नाही, पण घराला शोभा आली.

त्या वर्षी जवळच्या सहकारी साखर कारखान्यानं कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. ऊस नसताना कॉम्प्युटर! पेपरात जाहिरात आली — ऑपरेटर पाहिजे, जागा एक. दोन दिवसांनी सुशीला जिना चढून आली. येडशीची. वडील रेल्वेत गँगमन, त्याच वर्षी निवृत्त व्हायचे होते, पाठची तीन भावंडं शिकत होती. तिनं औरंगाबादला मामाकडं राहून कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. आमच्या सगळ्या जिल्ह्यात तेव्हा असं कोण असेल?

तिनं पिशवीतून एक कागद काढला. पेन्सिलीनं आखलेला नमुना! डावीकडं समास एवढा, दोन परिच्छेदांत जागा एवढी, मथळे ठळक, सगळं एका पानात. मी बायोडाटे करणारा माणूस, पण असा बायोडाटा पाहिला नव्हता. आमच्यात रीत होती — नाव, वडिलांचं नाव, गाव, धर्म, जात, मग जन्मतारीख, आणि शेवटी कुठंतरी तुम्हाला काय येतं ते. तिनं सगळं उलटं केलं होतं. नावाखाली थेट : कोणती मशीन चालवता येते, कोणती भाषा येते, कोणती कामं केली. बाकीचं तळाला.

"काम वर राहू द्या, भाऊ," ती म्हणाली. "मी कुणाची कोण, ते खाली असू द्या. वाचणाराची नजर वरच्या चार ओळींतच थांबती, असं आमच्या सरांनी सांगितलंय."

"आणि मोर?" मी विचारलं.

"मोर कशाला? मी काय रुखवत मांडायला चाललेय?"

क्लासभर हशा पिकला. मीही हसलो. तिनं कोऱ्या कागदाखाली सही केली आणि पाचच्या गाडीला पळाली.

नंतर काय झालं, ते माझ्या गोष्टीत असं येतं : मुलाखतीच्या दिवशी मी दाराबाहेर बसलो होतो. हो, मीही अर्ज केला होता. दाराला नुसता पडदा. आत संचालक मंडळ बसलेलं. एका संचालकानं सुशीलाचा कागद वर धरला आणि म्हणाला, "आरं, ही अर्जी हाय का लग्नपत्रिका? मोर बगा की, लई नाचाया लागलाय!" दुसरा म्हणाला, "मुहूर्त कवाचा हाय, त्येबी लिवलंय का?" आत हास्याचा फड. तिच्या मागून माझा नंबर, आणि माझा कागद साधा, स्वच्छ, एका पानाचा, तिच्या नमुन्याबरहुकूम. "ह्याला म्हणत्यात टापटीप!" नोकरी मला. मी हे सांगताना त्या संचालकाचा आवाज काढतो, मिशीवर बोट फिरवतो, आणि शेवटी कान पकडून म्हणतो — काय करणार, हाताला मोराची सवय! लोक टाळ्या देतात.

आता दुसरी अर्धी.

हाताला सवय नव्हती. त्या संध्याकाळी क्लास रिकामा झाल्यावर मी मुद्दाम मोर काढला. ही पोरगी उभी राहिली तर आपल्याला कुणी विचारणार नाही, हे मला तिचा कागद वाचतानाच कळलं होतं. मी कॉम्प्युटर फक्त चित्रात पाहिलेला. तरी तिच्या वरच्या चार ओळी मी माझ्या बायोडाट्यात शब्दशः उतरवल्या. चोरी आणि खोटेपणा, दोन्ही. पण तेवढ्यावर भागलं असतं तर कदाचित मी हे केव्हाच सांगून टाकलं असतं. मोराचंही सांगून टाकलं असतं. कुठंतरी थांबतोय का मी? हो, थांबतोय.

मी तिची जातीची ओळ तळातून उचलली आणि वर नेली. तिच्या नावाच्याही वर, मोराच्या पायाशी, एकटी. आणि फीत लाल केली. कुटुंब बौद्ध झालेलं. मी त्यापुढं कंसात जुनी जातही टाकली, जी तिनं सांगितलीच नव्हती. नजर वरच्या चार ओळींत थांबते — हे मला तासाभरापूर्वी तिनंच शिकवलं होतं ना?

नजर थांबली. पडद्याआडून मी पाहिलं, कागद हातोहात फिरला, प्रत्येक जण त्याच जागी एक क्षण अडकला आणि मग मोरावर हसला. तिला कॉम्प्युटरचा एकही प्रश्न विचारला नाही. "येडशीत कुठल्या बाजूला राहता?" एवढंच विचारलं. ती बाहेर आली तेव्हा तिला फक्त मोर दिसला होता, तोही टेबलापलीकडून. मला म्हणाली, "असू द्या, भाऊ. तुम्ही मायेनंच काढला असणार." मी मान डोलावली. डोलावली!

मशीन आलं. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं. अध्यक्षांनी नारळ फोडला, मशीनच्या पडद्याला हळदकुंकू लावलं, पाण्याचे चार थेंब कळफलकावर उडाले आणि पुण्याहून आलेला इंजिनिअर किंचाळला. चार दिवसांनी तो गेला. उरलो मी आणि लुकलुकणारी एक हिरवी रेघ. पाचव्या दिवशी मी येडशीला गेलो.

सुशीला घरी नव्हती. रोजगार हमीच्या कामावर, पाझर तलावावर होती. दिवेलागणीला आली, केसांत मुरूम, तळहातांना चिंध्या बांधलेल्या. मी म्हणालो, मला काहीच येत नाही. ती हसली आणि फडताळातून वही काढली. दोनशे पानी, बारीक अक्षरात, प्रत्येक आज्ञा, प्रत्येक आकृती. "न्या. इथं तिला वाळवी लागंल." आई म्हणाली, "चा घिऊन जावा, लेकरा." त्यापुढचे चार रविवार तिनं शहाबादी फरशीवर खडूनं कळफलक काढून मला शिकवलं. सोललेल्या बोटांनी.

त्या वहीवर मी अठ्ठावीस वर्षं नोकरी करतो आहे. माझं घर, पोरांची शिक्षणं, गावातला मान — माझ्याकडं आज जे काही आहे, त्याच्या मुळाशी त्या बाईचं अक्षर आहे. मी रोज सकाळी मशीन सुरू करताना मनात तिचं नाव घेतो. इतकं मला कुणी दिलं नाही. आईबापांनंतर कुणीच नाही.

सुशीला अडीच वर्षं त्या कामांवर राबली. पुढं टेलिफोन खात्यात लागली, स्वतःच्या हिमतीवर. तिची मुलगी आता पुण्यात आयटी कंपन्यांत अर्ज करते आहे. परवा सुशीलाचा फोन आला — "भाऊ, पोरीचा रेझ्युमे पाठवते. तुमच्या नजरेखालनं जाऊ द्या." एक पान. ऐसपैस पांढरी जागा, नावाखाली निळसर बारीक रेघ, आणि लगेच तिला काय येतं ते. नजर थांबावी आणि विश्वास बसावा असा. मी त्यातला स्वल्पविरामही हलवला नाही.

दर हिवाळ्यात तिच्या भावाच्या शेतात हुरडा असतो. आम्ही सगळे जातो. आगटीभोवती पोरंटोरं बसली की सुशीलाच म्हणते, "भाऊ, ती मोराची सांगा की." मी उठून उभा राहतो. मिशीवर बोट फिरवतो, संचालकाचा आवाज काढतो. सगळ्यांत मोठ्यानं तीच हसते, पदरानं डोळे पुसत. मग कणसं चोळते, फुंकर मारून तूस उडवते आणि पहिली मूठ, गरम गरम, माझ्यापुढं धरते.

मी हात पुढं करतो आणि खातो.